आलेख वाचावा कसा?

शासकीय अहवालांत आकड्यांचे तक्ते विपुल असतात. तक्त्यात जे सहजी दिसत नाही ते आलेख एका दृष्टिक्षेपात दाखवतो. मात्र आलेखाचे एकक चुकले तर तोच दिशाभूल करतो. मुंबई उपनगरांतील पावसाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

२६ जुलै २००५ रोजी सकाळी साडेआठपासून पुढील चोवीस तासांत सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तेथून सुमारे २५ किलोमीटरवरील कुलाब्याची नोंद होती अवघी ७३ मिलिमीटर. दोहोंची सरासरी काढून ‘मुंबईचा पाऊस’ असा एकच स्तंभ उभा केला, तर तो पाचशेच्या आसपास जाईल. एवढा पाऊस ना कुलाब्यास पडला, ना सांताक्रूझला! म्हणून प्रत्येक स्थळाचा स्तंभ स्वतंत्र हवा.

हीच गोष्ट काळाची. ९४४ मिलिमीटर चोवीस तासांत समान विभागले, तर ताशी सुमारे ३९ मिलिमीटर येतात. प्रत्यक्षात त्या दुपारी एकाच तासात सुमारे १९० मिलिमीटर पाऊस कोसळला. शहराच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पाऊस, तोही ओहोटी असताना, वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या. आणि त्याच दुपारी समुद्राला मोठी भरती होती. आडव्या अक्षावर तास व उभ्या अक्षावर पाऊस घेऊन त्याच कालपट्टीवर भरतीची रेषा काढली, म्हणजे मिठी नदीकाठच्या वस्त्या का बुडाल्या, हे ध्यानी येते. त्या आपत्तीत मुंबईत शेकडो माणसे दगावली. संपूर्ण दिवसाच्या एका स्तंभात तिचे कारण दिसत नाही.

पुढे महानगरपालिकेने ठिकठिकाणच्या अग्निशमन केंद्रांवर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले. त्यांतून दर पंधरा मिनिटांची नोंद मिळू लागली.

गावपातळीवरही हाच विवेक आवश्यक आहे. तालुक्याची सरासरी समाधानकारक असतानाही एखाद्या गावाचे शिवार कोरडे राहू शकते. म्हणून कोणताही आलेख हाती आला की चार प्रश्न विचारावेत : नोंद कोठली? किती काळाची? उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो काय? आणि सरासरीआड काय दडले आहे? शाळेच्या आवारात साधा पर्जन्यमापक ठेवून विद्यार्थ्यांनी रोजचा पाऊस आलेखावर मांडला, तर हे प्रश्न विचारण्याची सवय बालवयातच जडेल. आलेख भिंतीवर टांगण्यासाठी नसतो. निर्णय घेण्यापूर्वी वाचण्यासाठी असतो.