कीर्द-खतावणीपासून लॅपटॉपपर्यंत : कौटुंबिक व्यवसायाने करावयाची निवड
(व्याख्यानाचा मजकूर)



व्यापारी घरात हिशेबाच्या वहीला नेहमीच मानाचे स्थान राहिले आहे. दिवाळीत वहीपूजन होते, पहिल्या पानावर स्वस्तिक रेखाटले जाते आणि मगच जमा-नावे मांडले जाते. यामागे केवळ श्रद्धा नाही, व्यवहारही आहे. दुकानाची पत त्या वहीवर उभी असे. घाऊक व्यापारी उधारी देई तो दुकानाची पाटी पाहून नव्हे, तर त्या घरचा हिशेब चोख आहे या खात्रीवर. आज वहीची जागा संगणक घेत असताना प्रश्न यंत्राच्या किमतीपुरता उरत नाही. तीच पत नव्या साधनात कशी जपावी, हा खरा प्रश्न आहे.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव येथील बाजारपेठांत संगणक ही सोय न राहता गरज झाली. विवरणपत्र ऑनलाइन, भरणा ऑनलाइन. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालवाहतुकीस ई-वे बिल आले. १ ऑगस्ट २०२३ पासून वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांवर गेलेल्या व्यावसायिकांना अन्य नोंदणीकृत व्यापाऱ्यांशी होणाऱ्या विक्रीसाठी ई-इनव्हॉइस बंधनकारक झाले. शिवाय हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवण्याचे बंधन कायद्यात आहे. म्हणजे निवडलेला लॅपटॉप कदाचित सहा वर्षे टिकणार नाही. परंतु त्यातील हिशेब टिकलाच पाहिजे. निवडीचा सारा विचार या एका वाक्यापासून सुरू व्हावा.

या संदर्भात एका पिता-पुत्राची कथा उद्बोधक आहे. बंगळुरूचे श्यामसुंदर गोयंका यांचा कारखान्यांना व कापड गिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरविण्याचा व्यवसाय होता. स्वतःच्या हिशेबाला जुळणारी संगणक प्रणाली त्यांना मिळेना. त्यांनी गणिताचा पदवीधर असलेला मुलगा भरत याला ती तयार करावयास सांगितले. १९८६ च्या सुमारास सुरू झालेल्या त्या कामातून पुढे ‘टॅली’ उभी राहिली. भरत गोयंका यांना २०२० साली पद्मश्री सन्मान मिळाला. यातील बोध असा की, वडिलांनी आधी काम काय आहे ते ठरविले आणि साधन त्यानंतर आले. आज अनेक घरांत याच्या उलट घडते. जाहिरात पाहून यंत्र आणले जाते आणि मग त्याला काम शोधले जाते.

तेव्हा खरेदीपूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून एका कागदावर कामांची यादी करावी. दिवसाला बिले किती होतात? मालसाठा ठेवावयाचा आहे काय? छपाईयंत्र, बारकोड वाचक, वजनकाटा यांपैकी काय जोडावयाचे? एकाच वेळी किती जण काम करणार? दिवसभर यंत्र गल्ल्यावरच राहणार असेल तर साधा टेबलावरचा संगणक अधिक टिकाऊ आणि स्वस्त पडतो. हिशेब संध्याकाळी घरी नेऊन पाहावयाचा असेल, करसल्लागाराकडे न्यावयाचा असेल, तरच लॅपटॉपला अर्थ आहे.

यादी झाल्यावर यंत्राचे गुण पाहावेत. टॅलीसारखी प्रणाली विंडोजवर चालते. मॅकवर ती थेट चालत नाही. म्हणून देखणेपणाला भुलण्यापूर्वी आपली हिशेब प्रणाली आणि छपाईयंत्र त्यावर चालते की नाही, हे विचारावे. बिले, विवरणपत्रे आणि पत्रव्यवहार यांसाठी मध्यम क्षमतेचा प्रोसेसर पुरतो. स्मृती, म्हणजे रॅम, ८ जीबीपेक्षा कमी नसावी आणि १६ जीबी असल्यास पुढची वर्षे निभावतात. साठवणीसाठी फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी असावी. ५१२ जीबी लहान व्यवसायास भरपूर होते. खेळांसाठी लागणारे महागडे ग्राफिक्स कार्ड हिशेबाला निरुपयोगी आहे. त्याऐवजी तो पैसा उजव्या बाजूस स्वतंत्र अंकपट्टी असलेल्या कळफलकावर आणि ज्येष्ठांच्या डोळ्यांना सोसेल अशा १५ इंची पडद्यावर खर्च करावा. दिवसभर आकडे भरणाऱ्यास त्याचे मोल कळते. मराठी लिहिण्यासाठी विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट कळफलक अंगभूत आहे. त्यासाठी वेगळा खर्च नाही.

वापरलेला लॅपटॉप स्वस्तात मिळतो, पण येथे सावध राहावे. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि बऱ्याच जुन्या यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार व कराचा भरणा होणार, ते असुरक्षित असणे म्हणजे तिजोरीला कुलूप न लावण्यासारखे आहे. हाच न्याय चोरून घेतलेल्या प्रणालीला लागू होतो. पैसे न देता मिळविलेली प्रणाली ही न दिलेली वस्तू घेणेच होय. अचौर्य व्रताचे स्मरण येथेही हवे. शिवाय अशा प्रतींतूनच विषाणू शिरतात, हा व्यवहारी धोका निराळाच.

यंत्र घेताना बिल व्यवसायाच्या नावाने व जीएसटी क्रमांकासह घ्यावे. ५०,००० रुपयांच्या लॅपटॉपवर १८ टक्के दराने ९,००० रुपये कर पडतो. नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्यास व्यवसायासाठी घेतलेल्या यंत्रावर त्याची वजावट मिळते. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्यास मात्र ती मिळत नाही. बिनबिलाच्या स्वस्ताईत ही वजावट जाते आणि हमीही जाते. हमी घेताना दुरुस्ती दुकानात येऊन होणार की यंत्र पुण्यास पाठवावे लागणार, हे आधी विचारावे. ऐन पावसाळी गर्दीत चार दिवस यंत्र बाहेर राहिले तर होणारे नुकसान किमतीतील फरकाहून मोठे असते.

मावळाच्या हवेचाही स्वतंत्र विचार हवा. लोणावळ्याचा पाऊस आणि धुके भिंतींना ओल आणते, तसे यंत्रालाही आणते. चिक्कीच्या दुकानात गूळ-साखरेची वाफ, किराणा दुकानात पिठाची धूळ असते. ती लॅपटॉपच्या हवेच्या जाळीत बसते आणि यंत्र तापते. म्हणून यंत्र भट्टीपासून व ओल्या भिंतीपासून दूर, थोडे उंचावर ठेवावे. पिशवीत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवाव्यात. पावसाळ्यात पंधरा-पंधरा दिवस ते बंद ठेवू नये. विजा कडाडत असताना तारा काढाव्यात आणि दुकानाचे अर्थिंग एकदा तपासून घ्यावे. वीज गेली तरी लॅपटॉप बॅटरीवर चालतो, हा त्याचा मोठा गुण. परंतु इंटरनेटचा राउटर आणि छपाईयंत्र त्याच क्षणी बंद पडतात. निदान राउटरला छोटा इन्व्हर्टर जोडला, तर बिलांचे काम अडत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वही भिजली तरी पाने वाळवून वाचता येत. संगणकाची साठवण बिघडली तर एका क्षणात सर्व जाते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या विषाणूने जगभरातील संगणकांतील माहिती कुलूपबंद करून खंडणी मागितली होती. यावर उपाय साधा आहे. दोन बाह्य हार्ड डिस्क घ्याव्यात. रोज रात्री गल्ला मिटवताना हिशेबाची प्रत एकीवर घ्यावी आणि ती यंत्रापासून काढून ठेवावी. दुसरी घरी असावी व दर आठवड्यास अदलाबदल करावी. महिन्यातून एकदा ती प्रत खरोखर उघडते की नाही, हे पाहावे. न तपासलेली प्रत ही केवळ समजूत असते.

दुसरी जोखीम घरातलीच आहे. पूर्वी वही गल्ल्यावर असे. वडील, काका, मुलगा, कुणीही उघडून पाहू शके. आज सारा हिशेब एका मुलाच्या पासवर्डमागे असतो. तो आजारी पडला, परगावी गेला, तर वसुली कोणाकडून व देणे कोणाचे, हे घरात कुणालाच ठाऊक नसते. घरचा कर्ता गेल्यावर हा प्रश्न त्या घरातील भगिनींपुढे किती कठोरपणे उभा राहतो, हे सांगावयास नको. म्हणून हिशेब प्रणाली किमान दोघांनी शिकावी आणि त्यांतील एक घरातील स्त्री असावी. पासवर्ड बंद पाकिटात तिजोरीत असावेत. महिन्याअखेर येणे-देण्याची यादी छापून ज्येष्ठांपुढे ठेवावी. ज्यांना कळफलक जमत नाही, त्यांची नजर आकड्यातील चूक अजूनही सर्वांत आधी पकडते.

मुलांचा अभ्यास, खेळ आणि दुकानाचा हिशेब एकाच यंत्रावर नसावा. ते शक्य नसेल तर निदान वापरकर्ते वेगळे करून द्यावेत.

मित्रहो, लॅपटॉप पाच-सहा वर्षांनी बदलेल, प्रणालीही बदलेल. त्यातील प्रत्येक नोंद खरी असावी, वेळेवर झालेली असावी आणि घरातील एकाहून अधिक जणांना वाचता यावी, एवढे साधले तर यंत्र कोणतेही असो, वहीची पत कायम राहील. येत्या वहीपूजनाला लॅपटॉपवर कुंकवाचे बोट लावताना त्याच्याशेजारी हिशेबाची ताजी प्रतही ठेवलेली असावी, एवढीच अपेक्षा.

जय जिनेंद्र.