स्वरलिपी, साधा मजकूर आणि संगणकाचे पान



लखनौ आणि मराठी यांना जोडणारा एक बळकट दुवा संगीताचा आहे. मुंबईच्या वाळकेश्वरात १८६० साली जन्मलेल्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी वकिली बाजूला ठेवून हिंदुस्थानी संगीताच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले. त्यांच्या प्रेरणेने १९२६ साली लखनौत मॅरिस कॉलेज उभे राहिले. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर या मराठी पंडितांनी पुढे दीर्घकाळ त्याचे प्राचार्यपद भूषविले. कैसरबागेतील ही संस्था आज भातखंडे यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. घराण्यांच्या कंठात असलेल्या चिजा मिळवून भातखंडे यांनी त्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा मराठी भागांतून स्वरलिपीसह छापल्या.

त्या स्वरलिपीची किमया तिच्या साधेपणात आहे. अक्षराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल स्वर, मध्यमावर उभी रेघ म्हणजे तीव्र. खाली बिंदू म्हणजे मंद्र सप्तक, वर बिंदू म्हणजे तार. स्वर लांबवायचा तर पुढे आडवी लहान रेघ. त्रितालाच्या सोळा मात्रा चार खंडांत मांडून समेखाली फुली आणि खालीखाली शून्य. नेहमीच्या देवनागरी अक्षरांना मोजक्या खुणा जोडल्या, आणि कागद गाऊ लागला.

हाच विचार संगणकाच्या क्षेत्रात वेगळ्या वाटेने आला. २००४ साली जॉन ग्रुबर यांनी ॲरन स्वार्ट्झ यांच्या साहाय्याने ‘मार्कडाउन’ ही लेखनपद्धती सिद्ध केली. ओळीच्या आरंभी # लिहिले की शीर्षक, शब्दाभोवती तारका घातल्या की जोर, आरंभी लहान रेघ दिली की यादीतील एक कलम. असा मजकूर साध्या डोळ्यांनीही वाचता येतो, आणि संगणक त्याचे एचटीएमएल, म्हणजे संकेतस्थळाच्या पानाची भाषा, करून देतो. पुष्कळदा संपूर्ण पान नको असते. आधीच असलेल्या पानात बसेल असा एक तुकडा हवा असतो. रूपांतर करणारी आज्ञावली प्रथम मजकुराची फोड करून शीर्षक कोणते, परिच्छेद कोणता, यादी कोणती हे ठरवते आणि नंतर प्रत्येक घटक नेमून दिलेल्या रूपात लिहिते. या दुसऱ्या पायरीवर आपले नियम घालता येतात.

आता भातखंडे यांची एखादी बंदिश मार्कडाउनमध्ये जशीच्या तशी उतरवली तर काय होईल? स्वर लांबवण्याच्या रेघेने ओळ सुरू झाली, तर संगणक तिला यादीतील कलम समजेल. ओळीत केवळ तीन रेघा असतील, तर स्वरांऐवजी पानभर आडवी रेषा ओढली जाईल. एकाखाली एक लिहिलेल्या ओळी सलग परिच्छेदात मिसळतील, मात्रा जुळवण्यासाठी सोडलेल्या जागा आक्रसतील, आणि समेची फुली भलत्याच स्वराखाली जाईल. कोमल दाखवण्यासाठी स्वराच्या दोन्ही बाजूंस अधोरेषेचे चिन्ह घातले, तर ते जोर समजून अक्षर तिरपे होईल. मंद्र सप्तकाचा बिंदू नुक्त्याने लिहिला, तर मंद्र गंधार आणि लखनवी गझलेतला ‘ग़’ यांत संगणकाला काहीच भेद दिसणार नाही.

यांतील काही चुका डोळ्यांत भरतील. सर्वांत घातक चूक मात्र दिसणारच नाही. भैरवात ऋषभ आणि धैवत कोमल असतात. त्या दोन अक्षरांखालच्या रेघा रूपांतरात गळाल्या, तर उरतात बिलावल थाटाचे सारे शुद्ध स्वर. पान स्वच्छ, सुबक दिसेल. राग मात्र नाहीसा झालेला असेल. गुरूंकडून ती चीज न ऐकलेला विद्यार्थी तीच खरी मानून शिकेल.

यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही. मार्कडाउनमध्ये तीन बॅकटिक चिन्हांच्या कुंपणात ठेवलेला मजकूर जसाच्या तसा राखला जातो, आणि त्या कुंपणाला नावही देता येते. त्याला ‘स्वरलिपी’ असे नाव द्यावे. आतल्या खुणा ठरवून घ्याव्यात: कोमल स्वराआधी अधोरेषा, मंद्र स्वराआधी टिंब, खंडांच्या मध्ये उभी रेघ. मग आज्ञावलीला सांगावे की या नावाचे कुंपण भेटले की नेहमीचे नियम थांबवावेत, प्रत्येक मात्रेला तक्त्यातील एक घर द्यावे, आणि कोमल स्वरावर ‘कोमल’ अशीच मोहोर उमटवावी. ‘खाली रेघ असलेले अक्षर’ अशी मोहोर पुरेशी नाही. रेघ हे रूप झाले; कोमलत्व हा अर्थ आहे. अर्थ नोंदला असेल तर उद्या पानाची सजावट बदलली, किंवा दृष्टिहीन विद्यार्थ्याने ते पान संगणकाकडून वाचून घेतले, तरी ऋषभ कोमलच राहील.

ही गोष्ट केवळ संगीताची नाही. जुन्या फाँटमध्ये टंकलेला मराठी मजकूर, तो फाँट नसलेल्या संगणकावर अर्थहीन चिन्हांचा ढीग होतो, हा अनुभव अनेक मराठी संस्थांच्या दप्तरांत आहे. तेथे अक्षराचे रूप जपले गेले, अक्षर स्वतः नोंदलेच गेले नव्हते. शाळांच्या प्रार्थनांच्या चाली, स्वागतगीते, संमेलनांतील नाट्यपदे बहुधा संगीतशिक्षकांच्या वह्यांत किंवा त्यांच्या स्मरणातच असतात. ती साध्या युनिकोड मजकुरात उतरवावीत, तीच मूळ प्रत मानावी, खुणांचा तक्ता तिच्यासोबत ठेवावा, आणि संकेतस्थळावरचे पान तिच्यापासून हवे तेव्हा नव्याने तयार करावे.

एक काम मात्र कोणतीही आज्ञावली करणार नाही. आंदोलित ऋषभ किती हलवायचा, हे खुणेत मावत नाही. भातखंडे यांची पुस्तके हाती आल्यावरही लखनौच्या त्या विद्यालयात गुरूंसमोर बसूनच शिकावे लागे. म्हणून रूपांतरित पान प्रसिद्ध करण्यापूर्वी जाणत्या व्यक्तीने ते समोर ठेवून एकदा गाऊन पाहावे. गळलेली रेघ डोळ्यांतून निसटेल. कानांतून निसटणार नाही.