पोस्त, टिप आणि चिरीमिरी
(मंडळाच्या गणेशोत्सवात सप्तापूर येथे केलेले भाषण)



विषय दहा-वीस रुपयांचा आहे. पण दहा-वीस रुपयांवरून घरात जेवढी कुरबुर होते तेवढी मोठ्या रकमेवरून होत नाही. रिक्षावाल्याला वरचे सुटे सोडावेत का, हॉटेलात वेटरसाठी किती ठेवावे, पार्सल आणणाऱ्या पोराला काही द्यावे का? आम्ही सरकारी नोकर. कोणी पुढे काही सरकवले तर हात मागे घ्यायचा, हा आमचा नियम. त्यामुळे या प्रश्नाकडे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहावे लागते. बोलण्याचा आमचा अधिकार एवढाच.

आपल्या भाषेत यासाठी जुने शब्द आहेत. बक्षीस हा फारसीतून आलेला शब्द. कामावर खूश होऊन दिलेले ते बक्षीस. पोस्त म्हणजे दिवाळीला कामाच्या मावशींना, पेपरवाल्याला, दूधवाल्याला द्यायची रक्कम. आणि चिरीमिरी म्हणजे काय ते सांगायला नको! दिसायला तिन्ही सारखीच, खिशातून निघालेली नोट. मग फरक कसा ओळखायचा? आम्ही तीन प्रश्न विचारतो. काम झाल्यावर दिले का? आपखुशीने दिले का? बदल्यात काही मागितले नाही ना? तिन्हींचे उत्तर 'हो' आले तर ती टिप. एकाचेही 'नाही' आले तर नाव काहीही द्या, जात चिरीमिरीचीच.

आणि हे लक्षात असू द्या, सरकारी कामासाठी तर काम झाल्यानंतरही काही द्यायचे नाही. त्या कामाचा पगार सरकार देते. १९८८च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवले तरच सुटका.

आता रिक्षा-टॅक्सीकडे येऊ. मोबाईलवरून गाडी मागवताना 'आधीच टिप द्या, गाडी लवकर मिळेल' असे काही कंपन्या सुचवू लागल्या. आपल्या धारवाडचे खासदार आणि केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री प्रल्हाद जोशी यांनी मे २०२५ मध्ये यावर जाहीर हरकत घेतली, आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने उबर कंपनीला नोटीस काढली. आमच्या तीन प्रश्नांना लावून पाहा. काम व्हायच्या आधी, गरजेपोटी आणि गाडी मिळावी म्हणून दिलेले पैसे. हा तर लिलाव झाला. ज्याच्याकडे वरचे पन्नास नाहीत, त्या म्हाताऱ्या आजीने पावसात उभेच राहायचे का?

हॉटेलचा नियमही माहीत हवा. ४ जुलै २०२२च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बिलात 'सर्व्हिस चार्ज' आपोआप लावता येत नाही. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना उचलून धरल्या. लावला असेल तर काढायला सांगा, ऐकले नाही तर १९१५ या क्रमांकावर तक्रार करा. पण तो काढून घेतल्यावर वेटरच्या हातात काही न ठेवता उठू नका. आपला आक्षेप मालकाच्या बिलावर होता, त्या पोरावर नव्हता. आणि टिप शक्यतो रोखच द्या. गल्ल्यावरच्या क्यूआर कोडवर दिलेले पैसे मालकाच्या खात्यात जातात.

आपल्यातले अनेक जण मुलांकडे अमेरिकेला जाऊन येतात आणि तिथल्या पंधरा-वीस टक्के टिपेची गोष्ट सांगतात. तिथे टिप घेणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचा किमान पगार केंद्रीय कायद्याने ताशी २.१३ डॉलर आहे, तोही १९९१पासून. म्हणजे टिप हाच तिथे पगार. उलट जपानात टिप देण्याची रीतच नाही. तेव्हा परदेशाचे टक्के इथे आणण्यात अर्थ नाही. आपली रीत आपण ठरवावी.

आम्हाला सुचते ते असे. रिक्षाचे ठरलेले भाडे द्यावेच, आणि सुटे दहा उरले तर 'इरली बिडरी' म्हणून सोडावेत. सामान जिना चढवून दिले तर त्याचे वेगळे. मॉलमध्ये पाटी वाचून निमूट पैसे द्यायचे आणि कोथिंबिरीच्या जुडीवर, रिक्षाच्या पाच रुपयांवर घासाघीस करायची, हे शोभत नाही. घरपोच वस्तू आणणाऱ्यांसाठी आपल्या राज्याने २०२५ मध्ये कायदा केला. त्यांच्या प्रत्येक मोबदल्यामागे एक ते पाच टक्के कल्याण शुल्क कंपनीकडून घेण्याची त्यात तरतूद आहे. चांगलेच आहे. तरी भर उन्हात तिसरा मजला चढून आलेल्या पोराला आधी पाणी विचारावे. त्याला पैसे लागत नाहीत.

आणि पोस्त. ती पाकिटात घालून, नावाने हाक मारून, दोन्ही हातांनी द्यावी. दिवाळी संपल्यावर उरलेला फराळ आणि विटलेली साडी ही पोस्त नव्हे, ती घर साफ करण्याची सोय झाली. वर्षभर आपली भांडी घासणाऱ्या बाईला तो फरक कळतो. ती बोलत नाही, एवढेच.

शेवटी आपल्या मंडळाविषयी. मांडववाला, वीजवाला, आचारी आणि त्याचे वाढपी यांच्यासाठी खर्चाच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून एक ओळ असावी. शेवटच्या दिवशी कोणीतरी टोपी फिरवून गोळा करायचे, हे नको. आणि निर्माल्य उचलणारे पौरकार्मिक? ते महानगरपालिकेचे काम करतात, म्हणून आम्ही पाकीट सुचवत नाही. २३ सप्टेंबर हा आपल्या राज्यात पौरकार्मिक दिन. त्याच्या आगेमागेच बहुधा गणपती असतो. महाप्रसादाला त्यांना आमंत्रण द्यावे आणि पान पंगतीत मांडावे, मागच्या दाराशी नव्हे. आपल्या शेजारी, त्याच पंगतीत. पैसे देणे सोपे आहे हो, शेजारी बसवणे कठीण. या वर्षी कार्यकारिणीने तेवढे ठरवावे, अशी आमची विनंती आहे.

एवढे बोलून आम्ही रजा घेतो. गणपती बाप्पा मोरया!