मुलांचे मन आणि आपण
(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मी निकालाविषयी बोलावे अशी आपली अपेक्षा असेल. निकाल फलकावर लावलेला आहे आणि तो आपण वाचलाही आहे. फलकावर जे कधी येत नाही त्याविषयी मला बोलायचे आहे. मुलाला भीती वाटते, लाज वाटते, घरच्या काळजीने त्याचे लक्ष उडते. या गोष्टींना गुण नसतात, पण गुण बरेचसे त्यांच्यावरच अवलंबून असतात.

प्रथम माझीच एक चूक सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी, दुसऱ्या एका गावी, सातवीच्या वर्गात एक मुलगा रोज उशिरा येई. मी त्याला दाराशी उभा करी आणि "आले नवाबसाहेब!" असे म्हणे. वर्ग हसे, मलाही मौज वाटे. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आलाच नाही. घरी गेलो तेव्हा कळले की, आई कित्येक महिने अंथरुणावर, वडील ट्रक घेऊन सुरतेच्या रस्त्याला, आणि हा पोर पाणी भरून, धाकट्या दोन बहिणींना तयार करून मग शाळेत येत होता. "का रे उशीर होतो?" असे मी त्याला एकदाही बाजूला घेऊन विचारले नव्हते. मग पुष्कळ समजावले, पण तो परत आला नाही. आज हायवेवर त्याचे पंक्चरचे दुकान आहे. मला पाहिले की सलाम करतो. मी मात्र तेथून जाताना गाडीचा वेग वाढवतो.

मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला. त्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेला बंदी आहे, तशीच मानसिक छळालाही आहे. छडी बरीचशी गेली, जीभ राहिली. आम्हा शिक्षकांची राहिली, आणि रागावू नका, आपलीही राहिली.

याचा वस्तुपाठ आपल्या खानदेशातच आहे. साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढे छात्रालयाचे कामही त्यांच्याकडे आले. मुलांनी खोली अस्ताव्यस्त टाकली तर ते ओरडत नसत. स्वतः झाडून, पसारा आवरून, कंदील पुसून ठेवीत. आजारी मुलाची शुश्रूषा करीत. त्यांची स्वतःची आई १९१७ साली गेली तेव्हा ते शिक्षणासाठी दूर होते; घरापासून दूर असलेल्या मुलाला काय लागते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. मुलांसाठी ते 'छात्रालय दैनिक' हाताने लिहून काढीत. १९३० साली नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात गेले. (याच गुरुजींनी 'इस्लामी संस्कृती' हे पुस्तकही लिहिले आहे, ते आपल्या घरी असावे.)

त्या दैनिकावरून मला एक सुचले. तोंडाने जे सांगवत नाही ते कागदावर उतरते. म्हणून वर्गात एक वही ठेवली. वाटेल त्याने मला लिहावे, मराठीत, उर्दूत, अहिराणीत. लाल शाई लागणार नाही. पहिला महिना वही कोरीच राहिली, कबूल करतो. मग आठवीतल्या एका मुलीने एकच ओळ लिहिली : भावाची फी भरायची म्हणून माझी शाळा बंद होणार का? मी आमच्या एका शिक्षिकाबाईंना बरोबर घेऊन तिच्या घरी गेलो. वडील चकित झाले. त्यांनी तसे काही ठरवलेच नव्हते! एका रात्री आईवडिलांचे बोलणे मुलीने अर्धवट ऐकले होते, आणि चार महिने ते मनात घेऊन ती वर्गात बसत होती. त्या चार महिन्यांत तिचे गणित कच्चे झाले, असा शेरा मीच दिला होता.

आपल्या मुलांची आणखी एक अडचण आहे. घरी उर्दू, गल्लीत अहिराणी, वर्गात पुस्तकी मराठी. उत्तर येत असूनही शब्द चुकेल, पोरे हसतील, म्हणून मूल गप्प बसते, आणि आपण त्याला मठ्ठ ठरवतो. अशा एका मुलाला मी नुसते "काय व्हयनं रे?" असे विचारले, तर तो घडाघडा बोलू लागला.

पालकांना माझे मागणे फार नाही. मूल घरी आले की "किती मार्क मिळाले?" याच्या आधी दुसरे काहीतरी विचारा. पाहुण्यांसमोर त्याची चुलतभावाशी तुलना करू नका. मुलगा रडला तर "मुलीसारखा काय रडतोस" म्हणू नका, आणि मुलगी रडली तर नखरे म्हणून सोडून देऊ नका. मोहल्ल्यातील वडीलधाऱ्यांनीही नापास पोराला रस्त्यात अडवून निकाल विचारण्याचे सोडावे. तो त्याला ठाऊक असतो.

विद्यार्थी मित्रांनो, कोणी त्रास देत असेल आणि घरी सांगवत नसेल, तर शाळेत सांगा. तेही जमत नसेल तर १०९८ हा मुलांसाठीचा मोफत मदत क्रमांक आहे, तो पाठ करून ठेवा.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी तासभर वर्गातच थांबतो. आईने यावे, वडिलांनी यावे, दोघांनी आले तर उत्तम. येताना गुणपत्रक आणू नका.