सायकलवरून खारपाट

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात सोसायटीच्या एका ज्येष्ठ सभासदांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दोन अटी घातल्या आहेत. दहा मिनिटांत आटपा आणि बँकेच्या आठवणी नकोत. पहिली पाळतो. दुसरी थोडी मोडावी लागेल, कारण हा मुलूख मी बँकेच्या नोकरीत आणि सायकलवरूनच पाहिला.

विषय साधा आहे. रविवारी सकाळी सायकल घेऊन जायचं कुठे? आपल्या काही तरुण मंडळींकडे चांगल्या महागाच्या सायकली आहेत. त्या गाडीच्या टपावर बांधून लोणावळ्याला नेतात आणि तिथे चालवतात. मी एकाला विचारलं, तर म्हणाला, "काका, न्हावा शेव्याला कंटेनरशिवाय आहे काय?" प्रश्न रास्त आहे. १९८९ साली बंदर सुरू झालं तेव्हापासून करळ फाट्यावर उभं राहून दुसरं काही दिसतच नाही. पण करळ फाटा म्हणजे काही उरण तालुका नव्हे.

सायकलला घाट नको, सपाटी हवी, निदान माझ्या वयाला तरी. आणि सपाटी आपल्याइतकी कोणाकडे आहे? मुलीकडे इंग्लंडात केंब्रिजजवळ दोन महिने होतो, तेव्हा जावयाची सायकल घेऊन रोज हिंडायचो. तिकडे त्या सखल मुलखाला फेन म्हणतात. सगळी पूर्वीची दलदल. सतराव्या शतकात व्हर्मायडन नावाच्या डच इंजिनिअरने चर खणून पाणी काढलं आणि शेती उभी केली. पुढे पाणी आटल्यावर माती बसत गेली. आता कित्येक ठिकाणी नदी वर आणि शेत खाली, म्हणून पंप चालू ठेवावे लागतात. एली गावचं कॅथेड्रल मैलोन्‌मैल आधी दिसायला लागतं, मध्ये आड यायला काही नाहीच. विकेन फेनचा तुकडा मात्र त्यांनी १८९९ पासून राखून ठेवलाय. तिथे पाणी, बोरू, पक्षी, आणि सायकलवाल्यांसाठी पाट्या लावलेला रस्ता. मी एका बांधावर सायकल टेकवून बसलो नि म्हटलं, अरे, हा तर आपला खारपाट!

खरंच तोच प्रकार. आपल्याकडे खाडीला बांध घालून भातशेती केली. बांधात उघाडी असते. भरतीच्या पाण्याने झडप बाहेरून दाबली जाते आणि बंद होते, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. वीज नाही, पंप नाही. पण बांधाला एकदा खांड पडली की खारं पाणी शेतात, आणि जमीन गोडी व्हायला पुढचे दोन-तीन पावसाळे. पीककर्जाच्या वसुलीला मी जायचो तेव्हा शेतकरी सांगायचे, "साहेब, आधी बांध बघा, मग हप्त्याचं बोला." कागदावर थकबाकीदार दिसणारा माणूस रात्री उधाणात कंबरभर चिखलात उभा राहून बांध राखत होता. हे ऑफिसात बसून कळलं नसतं, आणि जीपमधूनही नाही.

तर आता रस्ते सांगतो. सगळ्यात सोपा केगाव-नागावचा. वाड्यांमधून जाणारा, सावलीचा, बायका-मुलांना घेऊन जाण्याजोगा. पिरवाडीच्या किनाऱ्यावर बसायचं आणि परत. मोऱ्याला गेलात तर भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच बघत चहा प्यायचा. करंज्याचा रस्ता द्रोणागिरीच्या पायथ्याने कोळीवाड्यात जातो. तिथे मासळी वाळत घातलेली असते, घंटी वाजवत सुटू नका, उतरून चाला. करंज्याहून लाँचने रेवसला उतरलं की पुढे अलिबागपर्यंतची सपाटी आहे, पण लाँचवाल्याला सायकलचं आधी विचारून घ्या.

माझा आवडता रस्ता मात्र पूर्व विभागातला. खोपट्याचा पूल पार होईपर्यंत ट्रेलर सांभाळावे लागतात, ते उजाडता उजाडता उरकायचं. कोप्रोलीहून पिरकोन, आवरे या बाजूला वळलात की आवाजच बदलतो. पुढे वशेणी, पुनाडे, खाडीकाठची गावं. दिवाळीनंतर भात कापून झालेलं असतं, ओलीवर वाल पेरलेला असतो. जानेवारीत कोणाच्या तरी शेतात पोपटी लागलेली असते, भांबुर्ड्याचा वास रस्त्यापर्यंत येतो. ओळख काढायला एवढं पुरतं! खाचरांजवळच्या तळ्यांत जिताडा पाळलेला. शेकाटे आणि बगळे किती, ते मोजू नये. रोहित पक्षी बघायचे तर हिवाळ्यात पाणजे. तिथल्या पाणथळीत भरतीचं पाणी येऊ द्यायचं की नाही यावर वाद चालू आहे, आणि कधी कधी वाटेतच अडवतात. ज्यांना बघायचं त्यांनी फार वर्षं थांबू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

चिरनेरला महागणपतीला आपण गाडीने जातो, हात जोडतो, परततो. २५ सप्टेंबर १९३० ला तिथे जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, त्याचं स्मारक गावातच आहे. सायकलवरून गेलं की ते दिसतं. तसंच जासईचं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीला बळी पडले. जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची जी योजना झाली, ती त्या लढ्यातून. आपली सोसायटी पंचवीस वर्षांची. ज्यांच्या भाताच्या आणि मिठाच्या आगरांवर हा सगळा परिसर उभा राहिला, त्यांची गावं आपल्याला फाट्यांवरच्या पाट्यांवरूनच माहीत असावीत, हे मला खटकतं.

आता थोडं व्यवहाराचं. सपाटीवर चढ नसतो, पण वारा असतो, आणि तोच आपला घाट. दहा-अकरानंतर समुद्रावरून वारा सुटतो. पूर्वेकडे गेलेला माणूस उशिरा निघाला तर परतताना तो तोंडावर घेतो. म्हणून साडेपाचला निघा, नऊच्या आत घरी. बांधावरून जायचं तर भरती बघा. कोळ्यांचा हिशेब आहे, तिथीची पाऊणपट. चतुर्थीला साधारण तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. बँकेतल्या व्याजाच्या कोष्टकापेक्षा हे मला जास्त उपयोगी पडलं. पावसाळ्यात बांधावर जाऊच नका, खारी माती चाकाला अशी धरते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. चेनला दर आठवड्याला तेल, नाहीतर खारी हवा खाते. बाभळीच्या काट्यासाठी पंक्चरचं सामान जवळ हवंच. ट्रेलरच्या डाव्या अंगाला कधीही जाऊ नका. वळताना त्याचं मागचं चाक आत येतं आणि ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही. अटल सेतूवर सायकलच काय, मोटारसायकललाही मनाई आहे, तेव्हा तो लांबूनच बघायचा. गियरची गरज नाही. माझी बिनगियरची आहे आणि बहात्तराव्या वर्षी आवऱ्याला जाऊन येते.

शेवटी एक अर्ज, कारण समोर समितीच बसली आहे. पंपरूमच्या मागची सायकलची शेड पाडून तिथे तीन मोटारींची जागा करायचा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत येतो आहे. त्या शेडमध्ये आज एकवीस सायकली आहेत, काल संध्याकाळी मोजल्या. नऊ धूळ खात पडल्यात, त्यांच्या मालकांनी त्या काढाव्यात किंवा चालवाव्यात. उरलेल्या बारांपैकी पाच शाळेच्या मुलांच्या आहेत आणि दोन आपल्या वॉचमन लोकांच्या. तीन मोटारींसाठी हे बाराजण बाहेर जाणार असतील तर माझा विरोध लेखी नोंदवून घ्या. येत्या रविवारी साडेपाचला मी फाटकाशी असेन. केगावलाच जाऊ, नव्या लोकांना तेच बरं. पंप मी आणतो.