शिवी आणि आई



मी राहतो बंगळुरात, पण कॉलेज झालं पुण्यात, हॉस्टेलवर राहून. त्यामुळे आमच्या ग्रुपमध्ये आजही फोन उचलला की पहिला शब्द 'हॅलो' नसतो, 'च्यायला' असतो. काही जण हसताय, म्हणजे तुमच्याकडेही तेच!

च्यायला म्हणजे कुणाच्या तरी आईला. पुढचं क्रियापद आपण गिळलं, मग कुणाच्या तेही गिळलं. उरलं ते स्वल्पविरामासारखं वापरतो. 'साला' म्हणजे बायकोचा भाऊ. म्हणजे तुझी बहीण माझी बायको! मालवणीत 'घो' म्हणजे नवरा. २०१० साली 'शिक्षणाच्या आयचा घो' हा चित्रपट आला, तेव्हा नावावरूनच वाद झाला. भांडण दोन पुरुषांचं आणि मध्ये ओढली जाते आई नाहीतर बहीण.

मग शिव्या बंदच कराव्यात का? मला तसं वाटत नाही. सातारा जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावं आहेत. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहतात आणि हातवारे करत एकमेकींना मनसोक्त शिव्या घालतात. हाच 'बोरीचा बार'. तिथे दिवस ठरलेला, ओढा मध्ये आणि देणारी-घेणारी दोघींनाही खेळ ठाऊक.

माझं चुकलं ते इथेच.

आमच्यातल्या एकाची आई गेली. तेराव्यानंतर त्याचा पहिला फोन आला. माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "च्यायला, आहेस कुठे?"

पलीकडे शांतता. ती चार-पाच सेकंदं मी आजही विसरलो नाही. वीस वर्षं गिळलेले शब्द त्याला त्या दिवशी पुरते ऐकू गेले होते.

हॉस्टेलवर तिच्या हातच्या शंकरपाळ्यांचा डबा सगळ्यात आधी मीच फोडायचो. मी माफी मागितली. तो म्हणाला, "शिवी दे रे. गप्प राहिलास तर परका वाटशील. फक्त आईवरून नको."

आता आम्ही एकमेकांना गाढव, बैल, भोपळा म्हणतो. दोस्ती तसूभरही कमी झालेली नाही.

आज घरी जाताना एवढंच करा. तुमची रोजची शिवी एकदा मनात पूर्ण म्हणून बघा. समोरच्याच्या आईसमोर ती म्हणता येईल का?