हिशेबाचे यंत्र आणि हिशेब विचारण्याचा हक्क



संगणकाच्या बाबतीत कामगार चळवळीने दीर्घकाळ दोनच प्रश्न विचारले. यंत्र येऊ द्यावयाचे की नाही, हा पहिला. आणि आले तर किती माणसांची भाकरी जाईल, हा दुसरा. हे दोन्ही प्रश्न रास्त होते आणि आजही आहेत. परंतु त्यांच्या मधोमध एक तिसरा प्रश्न आहे, तो मात्र क्वचितच विचारला जातो. कचेरीत, बँकेत, कारखान्याच्या भांडारात जी आज्ञावली, म्हणजे ज्याला सर्वजण सॉफ्टवेअर म्हणतात ते, येऊन बसते, ते निवडतो कोण? कोणाला विचारून निवडतो? आणि निवड चुकली तर तिचा भुर्दंड कोणी भरावयाचा?

या निवडीच्या प्रक्रियेत एक माणूस उभा असतो. त्याला सिस्टिम्स ॲनालिस्ट अथवा प्रणाली-विश्लेषक म्हणतात. प्रोग्राम लिहिणे हे त्याचे मुख्य काम नव्हे. काम प्रत्यक्षात कसे चालते हे पाहावयाचे. कागद कोणाच्या हातून कोणाकडे जातो, कोठे अडतो, चूक झाली तर ती कोण आणि कशी सुधारतो, हे नोंदावयाचे. त्यावरून गरजांची यादी करावयाची. बाजारातील माल त्या यादीशी ताडून पाहावयाचा. आणि शेवटी ‘घ्या’, ‘घेऊ नका’ किंवा ‘स्वतः तयार करा’ असा सल्ला द्यावयाचा, हे त्याचे काम. वरवर पाहता हा सल्ला निव्वळ तांत्रिक वाटतो. परंतु कोणती नोंद ठेवावयाची, ती कोणाला दिसावयाची आणि कोणाला बदलता यावयाची, हे ठरविणे म्हणजे कामावरील सत्तेची वाटणी करणे होय.

या व्यवसायाचा उगम कोणत्याही प्रयोगशाळेत झाला नाही. तो एका चहावाल्या कंपनीत झाला. लंडनच्या जे. लायन्स आणि कंपनीची चहाची दुकाने व बेकऱ्या ब्रिटनभर पसरलेल्या होत्या. पै-पैशाचा नफा आणि लक्षावधी पावत्या, असा तो धंदा. १९४७ साली कंपनीने आपले दोन अधिकारी अमेरिकेला कचेरीच्या नव्या पद्धती पाहावयास धाडले. त्यांनी परतल्यावर संगणकाची शिफारस केली. कंपनीने केंब्रिज विद्यापीठातील संशोधनाला अर्थसाह्य दिले, त्या यंत्राच्या नमुन्यावर स्वतःचे यंत्र बांधले आणि त्याला ‘लिओ’ असे नाव दिले. नोव्हेंबर १९५१ मध्ये त्यावर बेकरी विभागाचा हिशेब नियमितपणे होऊ लागला. धंद्याच्या दैनंदिन कामासाठी संगणक वापरण्याचा तो जगातील पहिला मोठा प्रयोग.

यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट यंत्राची नाही. डेव्हिड कॅमिनर आणि त्यांचे सहकारी आधी कचेरीत वावरलेले होते. पाव किती भाजले, किती विकले आणि किती परत आले, ही साखळी त्यांना ठाऊक होती. यंत्रावर काम चढविण्यापूर्वी त्यांनी ते काम बारकाईने उलगडून पाहिले. आधी कामाचा अभ्यास आणि मग यंत्र, हा क्रम त्यांनी पाळला. कॅमिनर यांना पहिले प्रणाली-विश्लेषक म्हटले जाते ते याचसाठी. अर्थात हा सारा अभ्यास मालकाच्या काटकसरीसाठी होता, हेही विसरून चालणार नाही. कामाचे ज्ञान कामगाराकडून घेतले गेले; निर्णय वरच झाला.

पुढचा इतिहास विलक्षण आहे. लिओ बनविणारी कंपनी इतर कंपन्यांत विलीन होत होत १९६८ साली ‘आयसीएल’ या ब्रिटिश कंपनीत सामावली. नव्वदच्या दशकात ही आयसीएल जपानच्या फुजित्सूच्या मालकीची झाली. आणि त्याच आयसीएलच्या एका उपकंपनीला १९९६ साली ब्रिटनच्या पोस्ट कार्यालयांच्या संगणकीकरणाचे कंत्राट मिळाले. हीच ती ‘होरायझन’ प्रणाली.

ही निवड कशी झाली? आलेल्या निविदांत ही निविदा तांत्रिक कसोट्यांवर सरस ठरली नव्हती. परंतु ती स्वस्त होती, आणि जोखीम खासगी कंपनीवर टाकण्याचे जे धोरण सरकारने त्या वेळी स्वीकारले होते, त्याच्या चौकटीत बसणारी होती. १९९९ मध्ये समाजकल्याण खात्याने अंग काढून घेतले, भत्त्यांच्या कार्डाची योजना बारगळली, आणि उरलेली प्रणाली पोस्टाच्या खिडक्यांवर बसविण्यात आली. त्या खिडकीमागे बसणारे उप-पोस्टमास्तर हे बहुतांशी छोटे दुकानदार. प्रणालीच्या निवडीत त्यांना निर्णायक स्थान नव्हते. करारानुसार तूट मात्र त्यांनीच भरून द्यावयाची होती.

पडद्यावर तूट दिसू लागली. ती का आली हे शोधण्याची पुरेशी सोय खिडकीवरच्या माणसाला दिलेली नव्हती. ‘असा त्रास फक्त तुम्हालाच होतो’ असे अनेकांना सांगण्यात आले. १९९९ ते २०१५ या काळात होरायझनच्या आकड्यांचा आधार असलेल्या खटल्यांत ९०० हून अधिक माणसे दोषी ठरली; त्यांतील बहुतेक खटले पोस्ट ऑफिसने स्वतःच भरले होते. कित्येकांना तुरुंगवास झाला, कित्येकांची घरे गेली. याच सुमारास इंग्लंडच्या कायद्यात अशी तरतूद झाली होती की, विरुद्ध पुरावा नसेल तर संगणक बरोबर चालत आहे असे न्यायालयाने गृहीत धरावे. माणसाने आपले निर्दोषत्व सिद्ध करावयाचे आणि यंत्राला मात्र ते आपोआप लाभावयाचे, असा हा न्याय! डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीत दोष असल्याचा निर्वाळा दिला. एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांची शिक्षा रद्द केली. अखेर मे २०२४ मध्ये संसदेला कायदा करून शेकडो शिक्षा पुसाव्या लागल्या.

एखादा चांगला विश्लेषक असता तर हे सारे टळले असते, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. कंत्राट, कायदा आणि संस्थेचा अहंकार यांच्यापुढे एकट्या माणसाचा अहवाल टिकत नाही. परंतु ‘आकडा जुळला नाही तर खिडकीवरच्या माणसाला त्याचे कारण कसे कळेल?’ हा प्रश्न मुळात विश्लेषकाचाच. तो निवडीच्या वेळी ठामपणे विचारावयाचा असतो. ज्यांना त्या उत्तराची सर्वाधिक गरज होती, त्यांना निवडीच्या टेबलापाशी बळ नव्हते, हा खरा दोष आहे.

मग बळ मिळते कसे? याचे उत्तर नॉर्वेच्या लोखंड व धातू कामगार संघटनेने १९७०च्या दशकाच्या आरंभी शोधले. क्रिस्टेन निगार्ड हे सिम्युला या संगणकभाषेचे एक जनक; पुढे त्यांना २००१ चे ट्यूरिंग पारितोषिक मिळाले. हा शास्त्रज्ञ आणि त्याचे सहकारी संघटनेसाठी काम करू लागले. आधी त्यांनी तज्ज्ञांचे अहवाल लिहिण्याचा बेत आखला होता. लवकरच त्यांच्या ध्यानात आले की, अहवालाने कामगाराच्या हाती काहीच येत नाही. तेव्हा त्यांनी दिशा बदलली. कारखान्या-कारखान्यांतील स्थानिक शाखांनी अभ्यासगट चालवावेत, आपल्या कामावर येऊ घातलेली प्रणाली स्वतः तपासावी आणि मागण्या ठरवाव्यात, असे ठरले. शाखेने केलेली कृती हेच संशोधनाचे फलित मानले गेले.

यातून १९७५ साली नॉर्वेची मध्यवर्ती कामगार संघटना आणि मालकांची संघटना यांच्यात राष्ट्रीय करार झाला. नव्या प्रणालीची माहिती कामगारांना वेळेवर आणि तज्ज्ञ नसलेल्या माणसालाही समजेल अशा भाषेत द्यावयाची, आणि संगणकाच्या प्रश्नासाठी कामगारांनी आपला स्वतंत्र प्रतिनिधी निवडावयाचा, हे मान्य झाले. पुढे १९८०च्या दशकात स्कँडिनेव्हियातील मुद्रण कामगारांनी तर संशोधकांबरोबर बसून पुठ्ठ्याच्या आणि लाकडी खोक्यांच्या नमुन्यांवर वृत्तपत्राच्या पानजुळणीची भावी यंत्रणा आखून पाहिली. जो पान लावतो त्याला पान लावण्याचे यंत्र कसे असावे हे सांगता येते, एवढा साधा विचार त्यामागे होता.

भारतात काय घडले? साठच्या दशकात कलकत्त्यात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध जिद्दीचा लढा दिला. १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी यांत्रिकीकरणाबाबत व्यवस्थापनांशी करार केला; पाठोपाठ १९८४ साली रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या रंगराजन समितीचा अहवाल आला. नोकऱ्यांचे संरक्षण, यंत्रांच्या संख्येवर मर्यादा, यंत्र चालविणाऱ्यास भत्ता, यांवर संघटनांनी हुशारीने सौदा केला. परंतु कोणती प्रणाली, कोणत्या कसोटीवर, कोणाच्या सल्ल्याने, हा प्रांत व्यवस्थापनाकडेच राहिला. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील ९-अ कलमाने सेवाशर्तींत बदल करण्यापूर्वी २१ दिवसांची नोटीस बंधनकारक केली होती. पण तंत्रातील बदलाला ती लागू होई ती त्या बदलाने कामगारकपात होण्याचा संभव असेल तेव्हा. कपात न करताही एखादी प्रणाली माणसाला पाहता पाहता नजरकैदेत टाकू शकते, हे त्या कलमाच्या कक्षेबाहेरच राहिले.

म्हणून आज संघटनांपुढे काम आहे ते निविदा निघण्यापूर्वीचे. गरजांची यादी तयार होत असताना खिडकीवर, यंत्रावर, भांडारात काम करणाऱ्यांचे निवडलेले प्रतिनिधी तेथे असले पाहिजेत. विश्लेषकाचा अहवाल मराठीत आणि कामगारांना वाचावयास मिळाला पाहिजे. विश्लेषकाला माल विकणाऱ्या कंपनीकडून कोणताही लाभ होत नाही, याची ग्वाही हवी. काही आठवडे जुनी पद्धत व नवी प्रणाली शेजारी-शेजारी चालवून ताळा पाहिला पाहिजे. आणि प्रणालीच्या आकड्यावरून कोणावर ठपका ठेवावयाचा असेल, तर आधी त्या आकड्याची मूळ नोंद त्या माणसाच्या हाती पडली पाहिजे.

यासाठी विश्लेषकाला शत्रू मानण्याचे कारण नाही. तोही पगारी माणूस आहे. वरून ‘लवकर उरका’ म्हणून तगादा असतो आणि विक्रेता दाराशी बसलेला असतो. खालून कोणी बोलत नाही, म्हणून तो वरच्यांचे ऐकतो. खालचा आवाज संघटित होऊन त्याच्यापर्यंत पोहोचला, तर त्याच्यातील प्रामाणिक माणसाला आधार मिळेल आणि अप्रामाणिकाला आळा बसेल. कार्यकर्त्यांनी संगणक शिकलाच पाहिजे असे नाही; आपले काम कसे चालते हे स्वच्छ शब्दांत सांगावयास मात्र शिकले पाहिजे. ते ज्ञान कामगाराजवळच आहे, आणि त्याच्यावाचून कोणतीही निवड पुरी होत नाही.